माझ्या कथेचा शेवट आणि आण्णाचं चुलवाण

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की कोल्हापुरात कॅलेंडर बघायची गरज उरत नाही. राजारामपुरीतून स्कूटर काढावी, चौकात यावं, तर पुढं ट्रॅक्टर, त्याच्यामागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर मजल्याएवढा ऊस आणि त्या सगळ्यावर गगनभेदी गाणं. मागं अडकलेल्या माणसानं दोनच गोष्टी करायच्या. गाणं ऐकायचं, आणि घसरलेलं एखादं कांडं आपल्याच डोक्यात पडू नये अशी जोतिबाला विनंती करायची.

गेल्या आठवड्यात असाच अडकलो होतो. सिग्नलला ट्रॅक्टर थांबला, तसा मी कडेनं सरकत त्याच्या शेजारी आलो. ड्रायव्हरनं वळून माझ्याकडं टक लावून बघितलं, गाणं बारीक केलं आणि चौकभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ओ पावणं! पिक्चरमधला डबा तुम्हीच न्हवं?"

मी मान हलवली. आता नाही म्हणण्यात अर्थ नसतो.

"नाद खुळा पळालायसा!" म्हणून त्यानं ट्रॉलीतून एक ऊस ओढून माझ्या स्कूटरवर आडवा टाकला आणि निघून गेला.

मी अकरावी-बारावीच्या पोरांना क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. फावल्या वेळात विज्ञानकथा लिहितो. निदान मराठी वाचकाला माझा परिचय असा असावा, अशी माझी इच्छा होती. परिचय झाला तो डबा म्हणून. त्याची हकिकत गेल्या वर्षीच्या हंगामातली आहे. तो हंगाम आठवला की मला अजूनही आधी वास येतो. उकळत्या रसाचा, जळत्या चिपाडाचा आणि थोडासा माझ्याच भाजलेल्या अहंकाराचा.

आमचं गाव शहरापासून स्कूटरच्या टप्प्यात, नदीच्या काठाला. तिथं माझे थोरले बंधू, आण्णा, गुऱ्हाळ चालवतात. गुऱ्हाळ म्हणजे काय हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. एक पत्र्याची शेड, एका अंगाला उसाचा रस काढणारा घाणा, मधोमध जमिनीत खोदलेली, पिळलेल्या उसाच्या वाळल्या चिपाडावर पेटणारी भली मोठी भट्टी, तिला चुलवाण म्हणायचं, आणि चुलवाणावर हत्तीला आंघोळ घालता येईल एवढी कढई, तिला काहील म्हणायचं. रस उकळतो, वर मळी येते, ती काढायची, पुन्हा उकळायचं. एका उकळीचा सगळा माल म्हणजे एक आधण. आधण झालं की माणसं काहील ओढतात, वाफ्यात ओततात, आणि तो सोन्यासारखा लगदा निवता निवता गूळ होतो. हे होत असताना शेडमध्ये इतकी वाफ असते की माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. आण्णा मात्र वाफेतही ओळखू येतो, कारण तो सारखा ओरडत असतो.

त्या हंगामाच्या आधीच्या गणपतीत आण्णा जेवताना ओरडला होता. माणसं मिळत नाहीत, चिपाड वेळेवर वाळत नाही, व्यापारी नाक मुरडतो. शेवटी ताटावर हात झटकून म्हणाला, "औंदा शेवटचं. बास झालं."

बायकांनी ऐकून सोडून दिलं. आण्णा हे वाक्य मोदकांच्या बाबतीतही म्हणतो. पण मी लेखक पडलो. लेखकाच्या कानात असं वाक्य गेलं की ते बाहेर येताना कथा होऊन येतं. मी घरी आलो आणि एका बैठकीत 'अखेरचं आधण' लिहून काढली.

कथा अशी. कैक हजार वर्षांनंतरची पृथ्वी. गोड काय असतं हेच माणसं विसरलेली. दूरच्या ताऱ्यावरून एक जीव येतो. त्याला देह नाही, नाव नाही, तो नुसता प्रकाशाचा थरथरता कंद आहे. त्याला अंतराळात एक अनोळखी गंध सापडलेला असतो आणि त्याचा माग काढत तो पृथ्वीवरच्या शेवटच्या गुऱ्हाळापाशी पोचतो. तिथं एक म्हातारा एकटाच शेवटचं आधण उतरवत असतो. दोघं काही बोलत नाहीत. म्हातारा गूळ काढतो, घागर उचलतो आणि चुलवाणात पाणी ओततो. चर्र आवाज होतो. जाळ विझतो. तो प्रकाशाचा कंद ती शेवटची वाफ आपल्यात साठवून घेतो आणि निघून जातो. मागं अंधार. संपलं.

दिवाळी अंकात कथा आली. एका गृहस्थांचा फोनही आला की शेवट वाचून रात्री जेवण गेलं नाही. मी आठवडाभर या माणसाच्या उपाशीपणावर जगलो.

इकडं गावात वेगळंच घडत होतं. दिवाळी अंक गावात एकच गेला होता, पण आमच्या गावात एक अंक पुरतो. एकानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. ऐकता ऐकता प्रकाशाचा कंद गळून पडला, कैक हजार वर्षं गळून पडली, तारा गळून पडला. उरलं ते एवढंच की धाकट्यानं छापून आणलंय, थोरला गुऱ्हाळ बंद करतोय.

शेजारच्या मळ्यातले तात्या दरवर्षी आपला ऊस आण्णाकडं घालतात. ते बांधावर येऊन म्हणाले, "यंदा कारखान्यालाच धाडतो. तुम्ही चुलवाण विझवताय म्हणं." चार दिवसांनी एक भंगारवाला आला. तो काहिलीभोवती फेरी मारून, तिला बोटानं टणटण वाजवून, "कधी काढणार?" असं प्रेमानं विचारून गेला.

त्या संध्याकाळी आण्णाचा फोन आला. हॅलो वगैरे नाही.

"मास्तर, माझं गुऱ्हाळ तू मारलंस व्हय?"

"आण्णा, ती कथा आहे. पुढच्या युगातली."

"युग कंचं बी असू दे, चुलवाण माझंच हाय न्हवं? खूण पटली की सगळ्यास्नी. घाण्याच्या फुटक्या चाकासकट लिवलायस!"

"वास्तवाचा स्पर्श असतो तो."

"त्या स्पर्शापायी तात्याचा ऊस गेला! आता तूच बघ काय करायचं त्ये."

काय करायचं ते माझ्या मेहुण्यानं केलं. बायकोचा भाऊ प्रकाश इचलकरंजीत लग्नाच्या शूटिंगचा धंदा करतो. त्याच्याकडं कॅमेरा आहे, ड्रोन आहे आणि कुठल्याही दुःखावर संथ गतीचं संगीत टाकायची तयारी आहे. तो म्हणाला, "दाजी, ह्याच कथेचा पिक्चर करू. मोबाईलवर सोडू. शेवट जरा फिरवू, म्हणजे गावाला कळंल गुऱ्हाळ चालू हाय. जाळ अन् धूर संगटच!"

शेवट फिरवायचा म्हटल्यावर माझ्यातला साहित्यिक ताडकन उभा राहिला. मी म्हणालो, शेवट हा कथेचा प्राण आहे. प्राण काढून घ्या आणि मग देह हवा तसा नाचवा. माझी बायको सुनंदा भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, प्राण तुमच्या कथेचा जाणार की आण्णांच्या गुऱ्हाळाचा, एवढंच ठरवायचंय." अशा बाईबरोबर साहित्यचर्चा करता येत नाही.

शेवटी तह झाला. दोन शेवट घ्यायचे. एक माझा, एक आण्णाचा. कुठला ठेवायचा ते नंतर बघू. पण आण्णानं एक अट घातली. आमच्याकडं रीत आहे. हंगामाच्या सुरुवातीला नारळ फोडून, चांगभलं म्हणून चुलवाण पेटवायचं, ते हंगामभर निवू द्यायचं नाही आणि त्यावर पाणी तर कधीच घालायचं नाही. शेवटचं आधण उतरलं की ते आपलं आपण निवतं. "तुझ्या म्हाताऱ्यानं घागर उचलली तर उचलू दे," आण्णा म्हणाला, "पर एक थेंब जाळावर पडला तर तुझा त्यो प्रकाशाचा कांदा मी त्याच जाळात घालीन."

"कंद, आण्णा."

"त्योच त्यो."

प्रकाश म्हणाला, घागर तिरकी झाली की आपण कट म्हणू, आणि चर्र आवाज घरी तव्यावर घेऊ.

कथेचा सिनेमा होताना काय होतं ते मी त्या दिवसांत जवळून बघितलं. प्रकाशाचा थरथरता कंद पहिल्याच बैठकीत गेला. प्रकाश म्हणाला, "दाजी, थरथरणारं लायटिंग वरातीचं हाय आपल्याकडं, पण त्यो गूळ कशानं खाणार?" या प्रश्नाला विज्ञानाकडं उत्तर नव्हतं. म्हणून कंदाचा रोबोट झाला. रोबोट कशाचा करायचा, तर तेलाच्या रिकाम्या डब्यांचा. कैक हजार वर्षांनंतरचा काळ दाखवण्यासाठी वहिनींना गॉगल देण्यात आला. कथेत बाईच नव्हती, पण वहिनी म्हणाल्या, "माझ्या गुऱ्हाळात पिक्चर आणि मी चुलीपुढं बसू व्हय?" म्हाताऱ्याचं काम आण्णानं स्वतःकडं घेतलं. रोबोटसाठी तालमीतला एक पैलवान ठरला होता, पण तो डब्यात शिरेना. खांदेच आत जाईनात. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडं वळल्या. मला छाती नाही, खांदे नाहीत, पण पोटाचा आकार तेलाच्या डब्याशी तंतोतंत जुळतो, हे प्रकाशनं टेप न लावता सांगितलं.

डबे जुने, गंजके. कॅमेऱ्यात चमकावेत म्हणून त्यावर चंदेरी कागद लावायचा होता. शूटिंगच्या दिवशी दुपारी लक्षात आलं की डिंक आणायचा राहिलाय. आता शहरात कोण जाणार? वहिनींनी गॉगल कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "डिंक कशाला? काकवी हाय की घमेलंभर. मी लावतो. अशी चिकटती, पुढल्या जन्मात निघायची न्हाय." काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा घट्ट पाक. वहिनींनी हातभर माखून मला आपादमस्तक कागद लावला. मी खरोखर चमकू लागलो. फिजिक्सचा माणूस असूनही मला एक साधी गोष्ट सुचली नाही. गुऱ्हाळावर माणसांपेक्षा मधमाश्या जास्त असतात.

सूर्य कलला. प्रकाशला हवा होता तसा तांबूस उजेड शेडमध्ये आडवा आला. काहिलीतून वाफ उठत होती, रसाचे बुडबुडे फुटल्याचा जाड आवाज येत होता, चुलवाणाचं तोंड लालभडक झालं होतं. आधी माझा शेवट घ्यायचा होता. तात्या बांधावरचं काम सोडून बघायला आले होते आणि हाताची घडी घालून उभे होते. आण्णानं डोक्याला मुंडासं बांधलं होतं. त्यानं रिकामी घागर उचलून बघितली, मग खाली ठेवली. "रिकामी उचलली की खोटं दिसतंय," म्हणाला आणि तिच्यात काठोकाठ पाणी भरलं.

मी डब्यात उभा. डोळ्यांसाठी दोन भोकं, त्यातून मला आण्णा दिसत होता. प्रकाश ओरडला, "ॲक्शन!"

आण्णानं घागर उचलली. मी कथा लिहिली तेव्हा म्हातारा मनात असा उभा राहिला नव्हता. तो कथेतला म्हातारा थकलेला, उदात्त, जरासा कवी होता. हा माझा भाऊ होता. घागर खांद्याशी धरून तो चुलवाणाकडं बघत होता आणि त्याचं तोंड असं झालं होतं की जणू कुणीतरी त्याला स्वतःच्याच बैलावर काठी उगारायला लावलीय. अभिनय येत नसलेल्या माणसाचा तो अभिनय बघून माझ्या घशात काहीतरी आलं.

आणि त्याच वेळी मानेपाशीही काहीतरी आलं.

पहिली माशी डोळ्याच्या भोकातून आत शिरली. दुसरी कुठून आली ठाऊक नाही. त्यानंतर मोजण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी संवाद नसलेला परग्रहवासी, पण मी जो संवाद म्हटला तो प्रकाशला पुढं संगीत टाकून झाकावा लागला. मी पळालो. डब्यांचा खडखडाट, चंदेरी कागदाच्या चिंध्या आणि मागं भुणभुणणारा ढग. घाण्याला एक फेरी झाली, काहिलीला एक फेरी झाली. वहिनी ओरडत होत्या, "भावजी, तिकडं नगा, तिकडं काहील हाय!" तात्या ओरडत होते, "झोपा, झोपा खाली!" डबा घातलेला माणूस झोपू शकत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मी तिसऱ्या फेरीला चुलवाणापुढून गेलो तेव्हा आण्णानं ती अख्खी घागर माझ्यावर ओतली.

चर्र आवाज झाला नाही. बद्‌कन झाला. मी चिखलात बसलो. आण्णानं धुमसतं चिपाड ओढून माझ्याभोवती धूर केला, माश्या पांगल्या, मग त्यानं दोन्ही हातांनी माझं डोकं डब्यातून उपसून काढलं. माझा चेहरा बघून तो आधी घाबरला, मग मांडीवर थाप मारून असा हसला की मुंडासं सुटून पडलं.

"अरं तिच्यायला," तो धापा टाकत म्हणाला, "लई लांबनं आलायस, आन् पाण्यासाठी केवढं पळलास! बस. गूळ खा. मग जा."

वहिनींनी, गॉगलसकट, माझ्या सुजलेल्या तोंडात गरम गुळाचा गोळा कोंबला. प्रकाशनं कॅमेरा बंदच केला नव्हता. लग्नाच्या शूटिंगवाल्याला एक शिस्त असते. मांडव कोसळला तरी तो आधी शॉट पुरा करतो.

दुसऱ्या दिवशी आण्णाचा शेवट घ्यायचा होता. पण माझं तोंड काहिलीएवढं झालं होतं. पुढचा आठवडाभर क्लासमधली पोरं फिजिक्सपेक्षा माझ्या कानांकडं जास्त लक्ष देत होती. दुसरा शेवट राहिला तो राहिलाच. जे कॅमेऱ्यात होतं तेच सिनेमात गेलं. म्हातारा घागर उचलतो, परग्रहवासी पिसाळतो, म्हातारा पाणी जाळावर न ओतता पाहुण्यावर ओततो, आणि पाहुणा चिखलात बसून गूळ खातो. मागं चुलवाण धडधडून पेटलेलं. संपलं. 'आभाळातलं पावणं', असं नावही बदललं.

प्रकाशनं पिक्चर मोबाईलवर सोडला आणि गावात देवळापुढं वरातीचा पडदा लावून दाखवला. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. माणसं हसत होती. मांडीवरची पोरं टाळ्या वाजवत होती. चिखलाचा भाग तीनदा मागं घेऊन दाखवावा लागला. माझी कथा वाचून एक गृहस्थ उपाशी राहिला होता. माझा पिक्चर बघून अख्खं गाव जेवायला गेलं. तात्या जाता जाता माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "ऊस धाडतो मी तुमच्यातच. चुलवाण असं पेटलंय आन् मी खुळ्यागत ऐकीव धरून बसलो." मग खाली वाकून हळूच विचारलं, "लई चावल्या व्हय?"

तेव्हापासून मी शेवटांचा विचार करतोय. मला वाटतं, कथा आणि सिनेमा यांत फरक कॅमेऱ्याचा नाही. कथा माणूस एकटा वाचतो. शेजारी दिवा असतो, पांघरूण असतं, अंगाखाली आपली गादी असते. त्याला तुम्ही खुशाल अंधारात सोडून यावं. तो पुस्तक मिटेल, उसासा टाकेल, आणि त्याला जरा बरंही वाटेल. पण गावानं एकत्र बसून बघितलेला सिनेमा संपला की माणसांना चपला शोधायच्या असतात, पोरं खांद्यावर घ्यायची असतात, आणि ज्या चुलवाणावर तुम्ही आत्ताच पाणी ओतलंत त्याच्यावरनं घरी जायचं असतं. तिथं अंधार सोडायचा तर धीर लागतो. किंवा बेफिकिरी. माझ्यात कुठलं होतं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

हे तत्त्वज्ञान मला सुनंदाला सांगायचं होतं. ती म्हणाली, "म्हणजे माश्यांना कळलं ते तुम्हाला वर्षानं कळलं."

यंदा माझा कथासंग्रह निघाला. प्रकाशकानं विचारलं होतं की शेवट सिनेमातला घ्यायचा का, लोकांना ठाऊक आहे, खप होईल. मी नाही म्हणालो. कथेत म्हातारा पाणी ओततो आणि जाळ विझतो. अक्षर न बदलता तसंच छापलं. छापून झाल्यावर मात्र आण्णाची आठवण आली आणि पहिली प्रत त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवली.

ट्रॅक्टरवाल्यानं दिलेला ऊस स्कूटरला बांधून मी परवा गावाला गेलो. गुऱ्हाळ चालू होतं. आण्णा पोत्यावर बसून आधणाकडं लक्ष ठेवत होता. पुस्तक दिलं. त्यानं हात धोतराला पुसून घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि म्हणाला, "ह्यात माझ्या चुलवाणाची कंची?"

"कंची म्हणजे? आण्णा, तू वाचली नाहीस?"

"न्हाय. लोकांनी सांगितली की. अंकातलं अक्षर लई बारीक."

म्हणजे वर्षभर हा माणूस माझ्याशी भांडला तो न वाचलेल्या कथेवरून. मी पान काढून दिलं. तो वाचायला लागला. आण्णा वाचताना ओठ हलवतो, त्यामुळं कुठं पोचलाय ते कळतं. कंद आला तेव्हा भुवया वर गेल्या. फुटक्या चाकाला हसला. मग घागरीपाशी आला आणि ओठ थांबले. मी वाफेकडं बघत राहिलो.

पुस्तक मिटून त्यानं मांडीवर ठेवलं. ओरडला नाही, याचीच मला भीती वाटली.

"बरोबर लिवलायस," तो म्हणाला. "हुणार हाय त्ये असंच हुणार. कोण तरी उतरवंल शेवटचं आधण आन् विझवंल. पोरं करत न्हाईत, आन् का करावं त्यांनी?"

"मग बदलू का, आण्णा? पुढच्या आवृत्तीत—"

"गप. बदलू नगंस. खरं हाय म्हणून ऱ्हाऊ दे पुस्तकात. पर गावाला दावू नगंस. गावाला तुझा डबा बरा. लोक ऊस घालत्यात मग."

"आणि पुढच्या वर्षी?"

आण्णा पोत्यावरून पुढं झुकला. काहिलीत उलथणं घालून वर काढलं. पाकाची तार लोंबली, जराशी थांबली आणि तुटली. आण्णानं पुस्तक माझ्या हातात परत दिलं, उठला आणि शेड दणाणून सोडली.

"सरक, मास्तर. आधण आलं."

मी सरकलो. वाफेतून माणसं धावत आली, काहिलीला हात लागले, आणि आण्णा सगळ्यांच्या वरताण ओरडला, "हां, उचला!"